दुधाच्या कॅनमधलं रक्त

एका शास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करतो.

बाबांच्या हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह बसवला. डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांची पिशवी मिळाली. त्यातली वॉरफेरिन नावाची गोळी रक्त पातळ ठेवते, आयुष्यभर घ्यायची, एवढंच आम्हाला कळलं. आम्ही माना डोलावल्या आणि मी हॉस्टेलवर परतलो. दोन महिन्यांनी बाबांचा गुडघा दुखायला लागला. त्यांनी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून चार दिवस घेतली. पाचव्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं. पोटात रक्तस्राव! वेळेत ॲडमिट केलं म्हणून बाबा वाचले. त्या आठवड्यात वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी या गोळीची कुंडली काढली आणि कार्ल पॉल लिंक हे नाव सापडलं.

लिंक यांचा जन्म १९०१ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील धर्मोपदेशक, घरात दहा भावंडं. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९२५ मध्ये पीएच.डी. केली, युरोपात शिकून आले आणि मॅडिसनला बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक झाले. मोठा बो-टाय, कधी अंगावर झूल घेतल्यासारखा केप, असा अवतार. माणूस जरा वल्लीच!

फेब्रुवारी १९३३. शनिवार, बाहेर बर्फाचं वादळ. एक शेतकरी सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत त्यांच्या दारात आला. सोबत मेलेली कालवड, खराब झालेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त. ते रक्त गोठतच नव्हतं. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओला राहून बुरसला की तो खाणारी गुरं आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतात, हे १९२० च्या दशकातच कळलं होतं. पण चाऱ्यातलं नेमकं विष कोणतं, ते ठाऊक नव्हतं. तो चारा गुरांना देऊ नका, यापलीकडे लिंक काही सांगू शकले नाहीत. शेतकरी रिकाम्या हाताने परत गेला.

पुढची सहा वर्षं लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या विषाच्या मागे लागले. जून १९३९ मध्ये हॅरोल्ड कॅम्पबेल या विद्यार्थ्याच्या हाती त्याचे शुद्ध स्फटिक लागले. ते होतं डायकुमारॉल. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे घटक बनवतं, ते कामच हे रसायन रोखतं. लिंक तिथे थांबले नाहीत. व्हिटॅमिन के दिलं की विष उतरतं, हेही त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. म्हणजे ब्रेक सापडला, आणि तो सोडवायचा कसा तेही.

१९४५ मध्ये लिंक यांना क्षयाने पुन्हा गाठलं. सॅनिटोरियममध्ये पडल्या पडल्या ते उंदरांच्या इतिहासाची पुस्तकं वाचत बसले आणि डोक्यात उंदराच्या औषधाची कल्पना आली. अनेक रसायनांतून क्रमांक ४२ निवडलं. विद्यापीठाच्या संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं वॉरफेरिन. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं. माणसाला द्यायला सगळे घाबरत. १९५१ मध्ये सैन्यातल्या एका तरुणाच्या पोटात ते मोठ्या प्रमाणात गेलं, तरी व्हिटॅमिन के आणि रक्त देऊन तो बरा झाला. मग धीर आला. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली, आणि १९५५ मध्ये हार्ट अटॅकनंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. लिंक १९७८ मध्ये वारले.

हे वाचून मी हादरलोच. उंदराला मारणारी आणि बाबांना जगवणारी वस्तू एकच! फरक फक्त मापाचा. आपल्या कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर हे फीडबॅकशिवाय चालणारं मशीन नव्हे. आयएनआर ही रक्ततपासणी म्हणजे त्याचा सेन्सर. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. या गोळीवर तो बहुतेकांचा २ ते ३ मध्ये ठेवतात, काही व्हॉल्व्हना थोडा जास्त. खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. नव्या गोळ्या आल्या आहेत, पण मेटलच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत.

दुसऱ्या डिस्चार्जला एका सिस्टरने आईला समोर बसवून सगळं समजावलं. गोळी रोज एकाच वेळी. चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन कधीच नाहीत. मेथी-पालकात व्हिटॅमिन के असतं. बंद करायचं नाही, पण प्रमाण रोजच्यासारखं ठेवायचं. दुखण्याची गोळी, ॲन्टिबायोटिक, काढा, काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दात काढायच्या आधी डेंटिस्टला सांगायचं. हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, काळी शौच दिसली किंवा डोक्याला मार लागला तर थेट हॉस्पिटल. वीस मिनिटं लागली. तीच वीस मिनिटं पहिल्यांदा मिळाली असती तर?

आता आई कालनिर्णयवर रोज टिक करते, खाली आयएनआरचा आकडा लिहिते आणि रविवारी मला फोनवर वाचून दाखवते. तुमच्याही घरी कुणी अशी गोळी घेत असेल, तर आज रात्री फोन करा आणि शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. माझ्यासारखी नुसती मान डोलावू नका.