मेरी एलिझा महोनी

मेरी एलिझा महोनी (इ.स. १८४५ - ४ जानेवारी, इ.स. १९२६) या अमेरिकन परिचारिका होत्या. परिचारिकेचे व्यावसायिक प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला मानल्या जातात. ज्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे स्वयंपाक, धुणे आणि साफसफाईची कामे केली, त्याच रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयात वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी प्रवेश घेतला.

प्रारंभिक जीवन

महोनी यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन परिसरात झाला. त्यांचे आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले असून उत्तर कॅरोलायना राज्यातून तेथे आले होते. त्यांचे शिक्षण बॉस्टनमधील फिलिप्स विद्यालयात झाले. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना एकत्र शिकवणाऱ्या शहरातील पहिल्या शाळांमध्ये या विद्यालयाची गणना होते.

रुग्णालयातील नोकरी

मारी झाक्रझेवस्का या डॉक्टर महिलेने इ.स. १८६२ मध्ये बॉस्टन येथे न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन ही संस्था स्थापन केली. तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरही महिलाच होत्या. महोनी यांनी या रुग्णालयात सुमारे १५ वर्षे नोकरी केली. स्वयंपाक, कपडे धुणे, झाडलोट अशी कामे करता करता त्या परिचारिकांना मदतही करीत. रुग्णसेवेचा त्यांचा प्रत्यक्ष परिचय असा झाला. मात्र प्रशिक्षित परिचारिकेचा दर्जा व वेतन मिळण्यासाठी विद्यालयाचा अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक होते.

प्रशिक्षण

या रुग्णालयाने इ.स. १८७२ मध्ये परिचारिकांसाठी विद्यालय सुरू केले होते. अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित परिचारिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्स याच विद्यालयातून उत्तीर्ण झाल्या. महोनी यांना इ.स. १८७८ मध्ये तेथे प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम १६ महिन्यांचा होता. विद्यार्थिनींना औषधोपचार, शस्त्रक्रिया व प्रसूती विभागांत काम करावे लागे, डॉक्टरांची व्याख्याने ऐकावी लागत आणि अखेरचे काही महिने रुग्णांच्या घरी राहून शुश्रूषा करावी लागे. कामाचा दिवस पहाटे सुरू होऊन रात्री संपत असे. महोनी यांच्यासोबत प्रवेश घेतलेल्या ४० हून अधिक विद्यार्थिनींपैकी मोजक्याच हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकल्या. महोनी इ.स. १८७९ मध्ये उत्तीर्ण झाल्या.

कारकीर्द

त्या काळी सधन रुग्णांवर बहुधा घरीच उपचार होत, तर रुग्णालयांतील शुश्रूषेचा मोठा भार विद्यार्थिनी सांभाळीत. त्यामुळे प्रशिक्षित परिचारिकांना मुख्यतः खाजगी घरांत काम मिळे. कृष्णवर्णीय परिचारिकांच्या वाट्याला वर्णभेदही येई. महोनी यांनीही खाजगी सेवेचा मार्ग स्वीकारला. काही कुटुंबे परिचारिकेला घरगडी समजून वागवीत. आपले काम प्रशिक्षित व्यवसायाचे आहे हे स्पष्ट राहावे, म्हणून महोनी नोकरांच्या पंगतीत न बसता स्वयंपाकघरात एकट्या जेवत असत. दक्षता आणि शांत स्वभाव यांमुळे त्यांचा लौकिक वाढला व इतर राज्यांतूनही त्यांना बोलावणे येऊ लागले. इ.स. १९११ ते १९१२ या काळात त्यांनी न्यू यॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथील कृष्णवर्णीय मुलांच्या हॉवर्ड अनाथाश्रमाचे संचालकपद सांभाळले.

संघटनात्मक कार्य

कृष्णवर्णीय परिचारिकांना अनेक ठिकाणी व्यावसायिक संघटनांचे सदस्यत्व नाकारले जाई. या पार्श्वभूमीवर मार्था फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने इ.स. १९०८ मध्ये कृष्णवर्णीय पदवीधर परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इ.स. १९०९ मध्ये बॉस्टन येथे भरलेल्या तिच्या पहिल्या अधिवेशनात महोनी यांनी स्वागतपर भाषण केले आणि परिचारिका शिक्षणातील विषमतेकडे लक्ष वेधले. संघटनेने त्यांना आजीव सदस्यत्व दिले. इ.स. १९२० मध्ये अमेरिकेतील महिलांना मताधिकार मिळाल्यावर मतदार म्हणून नोंदणी करणाऱ्या बॉस्टनमधील पहिल्या महिलांमध्ये त्यांचा समावेश होता.

निधन व गौरव

स्तनांच्या कर्करोगाने ४ जानेवारी, इ.स. १९२६ रोजी महोनी यांचे निधन झाले. मॅसॅच्युसेट्समधील एव्हरेट येथील वुडलॉन दफनभूमीत त्यांची समाधी आहे. वरील राष्ट्रीय संघटनेने इ.स. १९३६ मध्ये त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. इ.स. १९५१ मध्ये ही संघटना अमेरिकन नर्सेस असोसिएशनमध्ये विलीन झाल्यानंतरही तो पुरस्कार दिला जात राहिला. इ.स. १९९३ मध्ये महोनी यांच्या नावाचा समावेश अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला.