बोटीने गेलेली माती, बोटीने आलेले खत

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांच्या आडनावात फोंडा तालुक्यातील बांदोडा गाव आहे. जन्म मात्र पेडण्याचा, 12 मार्च 1911चा. घरची परिस्थिती बेताची होती. लहानमोठे व्यवसाय करीत ते खाणधंद्यात आले आणि त्याच धंद्याने त्यांना वैभव दिले. डोंगर फोडून काढलेले खनिज बार्जमधून मांडवी आणि जुवारी नद्यांवाटे मुरगाव बंदरात जाई, तेथून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे. गोव्याची लाल माती अशी बोटीत चढत होती. खतांच्या बाबतीत प्रवास नेमका उलट दिशेने व्हायचा होता, आणि तोही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. भाऊसाहेबांच्या चरित्रात हा धागा सहसा कोणी उचलत नाही.

1963च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने तीसपैकी चौदा जागा जिंकल्या. भाऊसाहेब स्वतः उमेदवार नव्हते. 20 डिसेंबर रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि नंतर फोंडा तालुक्यातील मडकई मतदारसंघातून ते विधानसभेत गेले. खेड्यापाड्यांत मराठी शाळा उघडणारे भाऊसाहेब सर्वांना ठाऊक आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र 1964चा कूळ कायदा अधिक मोलाचा होता. भाटकाराच्या मर्जीवर शेत कसणाऱ्याला या कायद्याने संरक्षण दिले आणि खंडाला मर्यादा घातली. पिकाचा अधिक वाटा आपल्याच घरी राहणार म्हटल्यावर पीक वाढविण्याची इच्छा होणे स्वाभाविक होते.

पण वाढवायचे कशाच्या बळावर? आपली जमीन जांभ्याची, आम्लधर्मी. पावसाळ्यात तिच्यातील सत्त्व वाहून जाते. शेण, राख, पालापाचोळा, माडांच्या मुळाशी मीठ आणि सुकी मासळी, ही येथली खते. फोंड्याची कुळागरे पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच पोसली. खाजन शेतीतला खारे पाणी सोसणारा कोरगुट भातही थोडक्यात भागवून घेई. 1968 मध्ये देशात ‘जया’ हे भाताचे वाण प्रसारित झाले आणि पुढे ते गोव्यातही रुजले. ही नवी वाणे उत्पन्न भरपूर देत, पण नत्रही तितकेच मागत. शेणाच्या ढिगाऱ्याने ती भूक भागणारी नव्हती.

दरम्यान जानेवारी 1967च्या जनमत कौलात भाऊसाहेबांचा विलीनीकरणाचा आग्रह गोमंतकीयांनी नाकारला. त्याच जनतेने काही महिन्यांत त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. आपल्या मतदाराचे हे वागणे अजूनही विचारात पाडते. त्याच वर्षी बिर्ला समूह आणि अमेरिकेची यूएस स्टील यांच्या सहकार्याने जुवारी अॅग्रो केमिकल्स कंपनी स्थापन झाली आणि सांकवाळच्या पठारावर खत कारखान्याची उभारणी झाली. बाहेरून युरियाची पोती आणण्याऐवजी येथेच युरिया करायचा, हा हिशेब वावगा नव्हता. मात्र अमोनिया तयार करण्यासाठी लागणारा नाफ्ता खनिज तेलातून निघतो, आणि तेल मोठ्या प्रमाणावर परदेशचे. स्फुरदासाठी लागणारे फॉस्फेट बव्हंशी परदेशातले. पालाश तर संपूर्णच आयातीचा, कारण पोटॅशचे व्यापारी उत्पादन देशात नाही. कारखाना स्वदेशी झाला, त्याचे खाणे मात्र पुष्कळसे परदेशीच राहिले. ज्या मुरगाव बंदरातून खनिज बाहेर जाई, तेच बंदर आता खतांच्या कच्च्या मालाचे दार झाले.

कारखान्यातून खत निघू लागले ते 1973 साल. त्याच वर्षी 12 ऑगस्ट रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, भाऊसाहेबांचे निधन झाले. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.

त्यानंतरचे काही त्यांना पाहावे लागले नाही. ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि जानेवारीपर्यंत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. मोरोक्कोने फॉस्फेटच्या दगडाची किंमत एका झटक्यात तिप्पट केली. गोव्यातही वेळसावच्या किनाऱ्याला मेलेली मासळी लागली आणि सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार उभे राहिले. माडांना सुकी मासळी घालणाऱ्या गोव्यात खताच्या कारखान्यापायी मासळीचेच गाऱ्हाणे व्हावे, हे विचित्रच.

कुळांना मालकी देणारी दुरुस्ती शशिकला काकोडकर यांच्या राजवटीत झाली. वडिलांनी घातलेला पाया कन्येने पुढे नेला, असे त्याविषयी म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. सांकवाळच्या कारखान्याने पुढे नाफ्ता सोडून नैसर्गिक वायू स्वीकारला, पण पालाशासाठी समुद्राकडे पाहणे सुटले नाही. मृगाच्या सुमारास फोंड्यातील दुकानात युरियाचे पोते उचलणारा शेतकरी आपल्या नावावरच्या जमिनीत ते विसकटतो. तो हक्क भाऊसाहेबांच्या कायद्यापासून सुरू झाला. पोत्यामागचा भाव मात्र कतार, मोरोक्को, कॅनडा अशा दूरच्या देशांत हलतो, आणि त्यावर पणजीच्या कोणत्याही मुख्यमंत्र्याचा, मग तो भाऊसाहेबांएवढा लोकप्रिय का असेना, अंमल चालत नाही.