हर्षल: घरी घासलेल्या आरशाची गोष्ट

मराठी पंचांगात शनीच्या पलीकडच्या ग्रहाला हर्षल म्हणतात. हे नाव कुठल्या देवाचे नाही. ते इंग्लंडमधल्या एका वादकाच्या आडनावावरून आले आहे. विल्यम हर्शेल दिवसा संगीताच्या शिकवण्या करी आणि रात्री घरामागच्या बागेत आरशाची दुर्बीण लावून आकाश पाहत बसे. दुर्बिणीचा आरसा त्याने स्वतः घासला होता आणि त्याचा व्यास होता जेमतेम ६.२ इंच. आज नवशिक्या निरीक्षकाला जी दुर्बीण सुचवतात, तिचा आरसाही साधारण याच मापाच्या आसपास असतो.

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये झाला. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. चौदाव्या वर्षी विल्यमही त्याच बँडमध्ये दाखल झाला. युद्धाची झळ लागल्यावर १७५७ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो इंग्लंडला गेला. सुरुवातीला संगीताच्या नकला उतरवून देण्यावर त्याने पोट भरले. मग गावोगाव वाद्यवृंदांत काम केले, चोवीस सिंफनी रचल्या आणि १७६६ मध्ये बाथ या शहरात ऑर्गनवादक म्हणून स्थिरावला. १७७२ मध्ये त्याने धाकटी बहीण कॅरोलाइनला हॅनोव्हरहून आणले. ती गायनाचे धडे घेऊ लागली.

पुढच्याच वर्षी विल्यमला खगोलशास्त्राच्या पुस्तकांचे वेड लागले. पुस्तकात वाचलेले डोळ्यांनी पाहायचे, तर दुर्बीण हवी. त्याने भिंगे आणून लांबलचक नळ्यांच्या दुर्बिणी जोडून पाहिल्या, पण त्या हाताळणे अवघड होते. मग एक छोटी आरशाची दुर्बीण भाड्याने आणली. ती आवडली, पण हव्या त्या आकाराची दुर्बीण विकत घेणे परवडणारे नव्हते. त्याच सुमारास बाथमध्येच एक गृहस्थ आपली आरसे घासण्याची हत्यारे आणि अर्धवट तयार आरसे विकून टाकत होते. विल्यमने ते सगळे घेतले. एका शिक्षकाच्या खिशाला झेपेल अशी दुर्बीण हवी असेल, तर ती स्वतःच करायची, असे त्याने ठरवले.

आरशाची निवड योग्य होती. मोठ्या भिंगासाठी आरपार निर्दोष काच लागते, तिच्या दोन्ही बाजूंना नेमका बाक द्यावा लागतो आणि तरीही साध्या भिंगातून दिसणाऱ्या ताऱ्याभोवती रंगांची किनार उमटते. आरशाची एकच बाजू घासायची असते आणि परावर्तनात रंग फुटत नाहीत. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली आरशाची दुर्बीण केली, तेव्हा याच रंगांना चुकवायचे होते. त्या रचनेत नळीच्या तळाशी अंतर्गोल आरसा असतो. वरच्या टोकाजवळचा छोटा सपाट आरसा प्रकाश बाजूच्या नेत्रिकेत वळवतो. स्वस्त दुर्बिणी आजही बहुधा याच पद्धतीच्या असतात.

विल्यमच्या काळात आरसा काचेचा नसे. तांबे आणि कथील यांच्या ठिसूळ, चकचकीत मिश्रधातूचा तो ओतला जाई. मग त्याला अचूक बाक येईपर्यंत घासायचे. घासताना मध्येच हात थांबला, तर पृष्ठभाग बिघडण्याची भीती. एकदा विल्यम सलग सोळा तास आरशावरून हात न उचलता बसला. कॅरोलाइन त्याला घास भरवत होती आणि वेळ जावा म्हणून कथा-कादंबऱ्या वाचून दाखवत होती. शिकवण्या संपल्या की तो तडक कामाला बसे. कपडे बदलायचेही भान नसे आणि बाहीच्या झालरींना डांबराचे डाग पडत. घराची कार्यशाळा झाली. १७७४ च्या मार्चमध्ये त्याने आपल्या दुर्बिणीतून शनीचे कडे आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहून त्यांची नोंद केली.

पण आरसा तयार झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. पाहणे ही कलाही वाद्यासारखी रियाजाने येते, असे विल्यम मानत असे. त्याने ठरावीक तेजस्वितेपर्यंतचा एकेक तारा क्रमाने तपासायला घेतला. ७ फूट लांबीच्या त्या दुर्बिणीत तो सहसा २२७ पट मोठी प्रतिमा देणारी नेत्रिका वापरी.

१३ मार्च १७८१ च्या रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, न्यू किंग स्ट्रीटवरच्या १९ क्रमांकाच्या घरामागे, मिथुन राशीतला एक तारा त्याला वेगळा वाटला. त्याने नेत्रिका बदलून ४६० आणि मग ९३२ पट मोठे करून पाहिले. शेजारचे तारे बिंदूच राहिले. हा मात्र चकतीसारखा वाढत गेला. चार दिवसांनी तो जागेवरून सरकलेला आढळला. विल्यमला तो धूमकेतू वाटला. पुढे लेक्सेल आणि इतर गणितज्ञांनी कक्षा काढली तेव्हा कळले, की तो शनीच्या दुप्पट अंतरावरून सूर्याभोवती फिरणारा नवा ग्रह आहे. याआधी तो कुणाच्या नजरेस पडलाच नव्हता असेही नाही. फ्लॅमस्टीड या राजज्योतिर्विदाने १६९० मध्येच त्याची नोंद केली होती, पण तारा म्हणून. चकती ओळखण्याइतका चांगला आरसा आणि तितकी सरावलेली नजर बाथमधल्या बागेत एकत्र आली.

विल्यमने ग्रहाला राजा तिसरा जॉर्जचे नाव दिले. ते इंग्लंडबाहेर कुणाला रुचले नाही. बोडे या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवलेले युरेनस हे नाव पुढे रूढ झाले. काही काळ युरोपात ग्रहाला शोधकाच्याच नावाने ओळखत आणि तीच खूण मराठी पंचांगात आजवर टिकून आहे. राजाने १७८२ मध्ये २०० पौंडांचे वार्षिक वेतन दिले. ते संगीतातल्या कमाईपेक्षा कमी होते, तरीही विल्यमने संगीताचा व्यवसाय सोडला. वेतनाला जोड म्हणून तो दुर्बिणी विकू लागला. त्याच्या ७ फुटी दुर्बिणीची किंमत १०० गिनी असे. दुर्बीण परवडत नाही म्हणून आरसा घासायला बसलेल्या माणसाची दुर्बीण आता सामान्य शिक्षकाच्या आवाक्याबाहेर गेली होती.

या कामात कॅरोलाइनचे गाणे मागे पडले. विल्यमच्या डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून ती दूर दिव्याजवळ बसून त्याची निरीक्षणे लिहून घेई. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री बर्फात धावताना ती घसरली आणि दुर्बिणीच्या यंत्रणेचा लोखंडी आकडा तिच्या उजव्या मांडीत घुसला. तिला सोडवताना मांसाचा तुकडा आकड्यालाच राहिला. जखमेवर पहिला उपचार तिचा तिलाच करावा लागला. त्याच वर्षी विल्यमने तिच्यासाठी सुमारे ४.२ इंच आरशाची आखूड दुर्बीण केली होती. ती फक्त २४ पट मोठे दाखवी, पण एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा नजरेत येई. तिच्यातूनच १ ऑगस्ट १७८६ रोजी कॅरोलाइनने आपला पहिला धूमकेतू शोधला. १७९७ पर्यंत तिच्या नावावर आठ धूमकेतू जमा झाले. १७८७ पासून राजाने तिलाही वर्षाला ५० पौंड वेतन दिले.

विल्यमला मोठ्या आरशांचा मोह होताच. १७८१ मध्ये त्याने घराच्या तळघरात तीन फुटी आरसा ओतायचा प्रयत्न केला. वितळलेला रस साच्यातून गळून फरशीवर पसरला, फरशीचे दगड फुटून उडाले आणि सगळ्यांना पळून जीव वाचवावा लागला. १७८९ मध्ये राजाच्या पैशातून ४० फूट लांबीची, चार फुटी आरशाची दुर्बीण उभी राहिली. तिने शनीचे दोन नवे उपग्रह दाखवले, पण ती हलवायला जड होती आणि आरसा लवकर काळवंडे. रोजच्या कामाला विल्यम २० फुटी दुर्बिणीकडेच वळत असे. अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांची यादी बहुतांशी तिच्यामुळे झाली.

सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा वापरताना, काही काचांतून प्रकाश कमी पण उष्णता जास्त येते, हे त्याला जाणवले. त्यातूनच १८०० मध्ये त्याने तापमापकांच्या साहाय्याने अवरक्त किरण शोधले. डोळ्यांना हीच धोक्याची सूचना आहे. योग्य सौर गाळणी दुर्बिणीच्या तोंडाशी बसवल्याशिवाय ती सूर्याकडे कधीही रोखू नये.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाव येथे विल्यमचे निधन झाले. त्यानंतर आरसे धातूऐवजी काचेचे झाले, त्यावर आधी चांदीचा आणि पुढे ॲल्युमिनियमचा मुलामा आला. धातूचा ताजा आरसा पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ६० टक्केच परत पाठवी आणि दुर्बिणीत असे दोन आरसे लागत. आजचा मुलामा ८५ टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवतो. म्हणून आजची ११४ मिलिमीटर आरशाची साधी दुर्बीण हर्शेलच्या त्या दुर्बिणीएवढाच प्रकाश डोळ्यापर्यंत पोचवते. खोक्यावर ५०० पट असे छापलेले असले, तरी या मापाला सव्वादोनशे पटींच्या पुढे फारसा उपयोग नसतो. न डगमगणारी बैठक आणि नीट जुळवलेले आरसे त्याहून महत्त्वाचे. अशा दुर्बिणीतून गच्चीवरूनही शनीचे कडे दिसते आणि जागा माहीत असेल, तर हर्षलची फिकट निळसर-हिरवी चकतीही सापडते. ती ताऱ्यापेक्षा वेगळी ओळखायला मात्र बाथच्या त्या वादकाने केला तसा रात्रींचा रियाज लागतो.