रुडॉल्फ डिझेल आणि लहान इंजिनाचा प्रश्न

डिझेल हा शब्द ज्याच्या कानावरून गेला नाही असा माणूस आज वऱ्हाडात सापडणे कठीण आहे. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांपासून अकोल्याच्या खारपाणपट्ट्यापर्यंत शेतीचा, मालवाहतुकीचा आणि प्रवासाचा हिशेब या एका इंधनाच्या दराशी बांधलेला आहे. परंतु हा शब्द मूळचा एका माणसाचे आडनाव आहे, त्या माणसाने काही एक सामाजिक स्वप्न उराशी बाळगून आपले यंत्र घडविले होते आणि ते स्वप्न अपुरे ठेवूनच तो जगातून नाहीसा झाला, याचे स्मरण फार थोड्यांना असते. ट्रॅक्टर किंवा जीप घ्यायला निघालेला आपला शेतकरी आज जो प्रश्न विक्रेत्यापुढे ठेवतो, की मोठे इंजिन घ्यावे की टर्बो बसविलेले लहान, तो प्रश्नही मुळात याच माणसाच्या कार्यशाळेत प्रथम उभा राहिला होता. म्हणून त्याचे चरित्र आठवणे हे केवळ इतिहासाचे काम नव्हे. त्यात आजच्या व्यवहाराचा धडा आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील बव्हेरियातून आलेले जर्मन. वडिलांचा धंदा चामड्याच्या वस्तू बनविण्याचा. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मनांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे धाडण्यात आले. कारागिराच्या घरातील दारिद्र्य आणि एका रात्रीत परके ठरण्याचे दुःख या दोन्ही गोष्टी त्याने लहानपणीच पाहिल्या. लहान माणसाविषयीची जी आस्था पुढे त्याच्या विचारांत दिसते, तिचे मूळ या अनुभवांत शोधले तर ते अनाठायी होणार नाही.

म्युनिकच्या तंत्रशाळेत त्याला कार्ल फॉन लिंडे यांच्यासारखे गुरू लाभले. शीतयंत्रांचे हे थोर संशोधक वर्गात उष्णताशास्त्र शिकवीत असताना डिझेलच्या मनावर एक गोष्ट कायमची कोरली गेली. त्या काळी सर्व उद्योगांचा आधार असलेले वाफेचे यंत्र कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावीत असे, आणि बाकीचा सारा वाया जात असे. हा अपव्यय थांबविणे हेच त्याच्या आयुष्याचे ध्येय झाले. 1880 मध्ये उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन त्याने लिंडे यांच्याच बर्फाच्या व्यवसायात नोकरी धरली. अमोनियाच्या वाफेवर चालणारे यंत्र बनविण्याच्या प्रयत्नात एकदा स्फोट होऊन तो जबर जखमी झाला. तथापि ध्यास सुटला नाही.

या ध्यासाला आर्थिक समतेच्या विचाराची जोड होती. वाफेचे यंत्र मोठे असेल तरच परवडत असे, त्यामुळे ज्याच्यापाशी भांडवल त्याच्याच हाती शक्ती, आणि विणकर, सुतार, लोहार यांनी आपापली हत्यारे खाली ठेवून गिरणीच्या दाराशी उभे राहायचे, असा त्या युगाचा न्याय होता. वऱ्हाडाला हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाही. अमरावती, अकोला, खामगाव येथे वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले तेव्हा घरोघरचा हातरेचा मुका झाला आणि कापूस पिकविणारा हात कापसाच्या पुढल्या व्यवहारातून बाजूला पडला. कारागिराला आपल्या घरात चालविता येईल असे किफायतशीर इंजिन मिळाले तर उद्योग पुन्हा विखुरता येतील, अशी डिझेलची श्रद्धा होती. पुढे 1903 मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी मालकीची योजना मांडणारे एक पुस्तकही लिहिले. लोकांनी त्याकडे लक्ष दिले नाही ही गोष्ट वेगळी.

1892 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना सांगायला सोपी होती. सिलिंडरात केवळ हवा घ्यावी, ती इतकी दाबावी की त्या दाबानेच ती तापून लाल व्हावी, आणि मग तीत इंधन सोडावे. ते ठिणगीवाचून पेट घेईल. प्रत्यक्षात आणायला मात्र ऑग्सबुर्गच्या कारखान्यात चार वर्षांची खडतर तपश्चर्या लागली. 1897 च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी त्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. इंधनातील उष्णतेपैकी 26.2 टक्के उष्णतेचे काम होते असे आढळले. जगातील कोणतेही यंत्र त्या दिवशी याच्या जवळपासही नव्हते.

पण हे यंत्र होते कसे? त्याच्या एकाच सिलिंडराचे आकारमान 19 लिटरांहून अधिक, वजन सुमारे साडेचार टन, आणि त्यातून निघणारी शक्ती अठरा अश्वशक्तींच्या आसपास. एवढी शक्ती आज आपल्या शिवारातील सर्वांत लहान ट्रॅक्टरही देतो. याचा अर्थ त्या इंजिनात इंधनाची काटकसर होती, पण आकाराची नव्हती.

येथेच आजच्या प्रश्नाचा उगम आहे. इंजिनाची शक्ती मुळात इंधनावर अवलंबून नसून हवेवर अवलंबून असते. जितकी हवा आत जाईल तितकेच इंधन नीट जळेल. जास्त हवा हवी असेल तर दोनच मार्ग: सिलिंडर मोठा करावा, किंवा त्याच सिलिंडरात हवा दाबून भरावी. डिझेलने हा दुसरा मार्ग स्वतः चोखाळून पाहिला होता. दट्ट्याच्या खालच्या बाजूचा उपयोग करून त्याने हवा आधीच दाबून भरली. शक्ती वाढली खरी, पण इंधनाची किफायत घटली, कारण हवा दाबण्याचे श्रम इंजिनालाच करावे लागत होते. काटकसर हाच ज्याचा धर्म, त्याने हा मार्ग सोडून दिला.

सोडलेला हा धागा उचलला आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने. बेल्जियममधील गेंट येथे कारेल बंधूंच्या कारखान्यात काम करीत असताना नळीवाटे बाहेर जाणाऱ्या तप्त धुराने त्याला अस्वस्थ केले. इंधनातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग या धुराबरोबर निघून जातो. त्या धुराच्या झोतावर एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा भरावी, म्हणजे हवा दाबण्याचे श्रम वाया जाणाऱ्या शक्तीकडून होतील, ही त्याची युक्ती. 1905 मध्ये तिचे पेटंट झाले. यश यायला मात्र वीस वर्षे लागली. 1920 च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डांत्सिश' या दोन जर्मन जहाजांवरील इंजिनांची शक्ती या साधनाने 1750 वरून 2500 अश्वशक्तींवर गेली. टर्बो म्हणतात तो हाच.

हे पाहायला डिझेल उरला नव्हता. पेटंटांनी त्याला कोट्यधीश केले होते, पण जमिनीच्या आणि तेलखाणींच्या व्यवहारांत ती संपत्ती गेली. न्यायालयीन वाद आणि ढासळलेली प्रकृती यांनी तो खचला. 29 सप्टेंबर 1913 रोजी, इंग्लंडमधील नव्या कारखान्याच्या कार्यासाठी तो अँटवर्पहून 'ड्रेस्डेन' या बोटीवर चढला. त्याच प्रवासात कारेल बंधूंपैकी एक त्याच्यासोबत होते. रात्रीच्या जेवणानंतर तो आपल्या खोलीकडे गेला आणि सकाळी कोणालाही दिसला नाही. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या प्रेतावरील वस्तूंवरून ओळख पटली. मृत्यू कसा झाला याचा निर्णय आजतागायत झालेला नाही.

ज्या लहान इंजिनाचे स्वप्न त्याने पाहिले ते त्याच्या पश्चात आले. इंधन सोडण्यासाठी डिझेलला वेगळा हवादाबक यंत्रभार लागत असे आणि तो भार मोठ्या इंजिनालाच पेलत असे. 1927 मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून आटोपशीर पंप बाहेर पडू लागला आणि डिझेल इंजिन लहान झाले. महाराष्ट्रात 1946 मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि विहिरीच्या काठावर ऑईल इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. मोट सुटली आणि ओलिताची उमेद आली. उद्योगात नव्हे तरी शेतीत, कारागिराच्या नव्हे तरी कुणब्याच्या हाती, डिझेलची शक्ती अखेर पोहोचली.

टर्बोही आपल्याकडे आधी रुळांवरून आला. खंडवा-अकोला-पूर्णा या मीटरगेज मार्गावर धावलेल्या वायडीएम-4 जातीच्या इंजिनात सहा सिलिंडरांतून सुमारे 1400 अश्वशक्ती निघत असे, ती टर्बोच्याच बळावर. त्याच जिल्ह्यात मूर्तिजापूरच्या शकुंतलेवर मात्र 1994 पर्यंत वाफेचेच इंजिन राबत होते. नव्या-जुन्याचे असे शेजार वऱ्हाडाच्या अंगवळणी पडले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठे इंजिन आपल्या अंतर्गत घर्षणाचा कर सतत वसूल करते, मग गाडी भरलेली असो वा रिकामी. लहान इंजिनात हा कर कमी पडतो आणि चढ आला, ओझे आले की टर्बो जादा हवा पुरवतो. म्हणून ज्या वाहनाला बहुतेक वेळ हलके आणि क्वचित जड काम आहे, तेथे लहान टर्बो इंजिन सरस ठरते. खेडोपाडी धावणाऱ्या बोलेरो गाडीचे उदाहरण घ्यावे. तिच्या जुन्या अडीच लिटरच्या इंजिनातून 63 अश्वशक्ती मिळत असे. 2016 मध्ये आलेल्या दीड लिटरच्या, तीन सिलिंडरांच्या इंजिनातून 70 मिळू लागली. टर्बो दोघांतही होता. तंत्र सुधारले आणि आकार घटला. अर्थात यामागे केवळ शास्त्र नव्हते. चार मीटरांच्या आतील आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीला करात सवलत आहे, आणि त्या सवलतीनेही अभियंत्यांच्या हातात कात्री दिली.

परंतु एवढ्यावरून लहान ते सर्वत्र चांगले असा निष्कर्ष काढणे घातक होईल. विहिरीवरचे इंजिन तासन् तास एकाच वेगाने, एकाच ओझ्याखाली चालते. तेथे टर्बोचा लाभ थोडा आणि दुरुस्तीचा खर्च मोठा. साधे इंजिनच तेथे शोभते. काळ्या जमिनीत खोल नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरलाही दिवसभर पूर्ण ताकद लावावी लागते. तेथे लहान इंजिन सतत टर्बोवर विसंबून राहिले तर काटकसर आटते आणि झीज वाढते. पेट्रोल इंजिनात तर जादा दाबाने अवेळी स्फोट होण्याचे भय असल्यामुळे जड कामाच्या वेळी ते थंड राखण्यासाठी अधिक पेट्रोल ओतावे लागते, आणि जाहिरातीतील सरासरी जाहिरातीतच राहते. शिवाय टर्बोचे चाक मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते. मे महिन्यातील अकोल्याचे ऊन आणि मळणीच्या दिवसांतील धूळ त्याला सोसत नाही. तप्त हवा विरळ असते, म्हणून ती निवविण्याची सोय हवी. हवेची गाळणी वेळेवर साफ हवी. तेल योग्य जातीचे हवे. आणि जड कामानंतर इंजिन क्षणभर संथ चालवून मगच बंद करण्याची शिस्त हवी. हे ज्याला सांगितले जात नाही त्याच्या पदरी किफायत नव्हे, कर्ज पडते.

हे सांगण्याची जबाबदारी कोणाची? विक्रेत्याला विकायचे असते. त्याच्याकडून इतकी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल. अकोल्यास कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीस अभियांत्रिकी शिक्षणाच्या संस्था आहेत, गावोगाव सहकारी सोसायट्या आहेत. आपल्या मातीत, आपल्या उन्हात, आपल्या ओझ्याखाली कोणते इंजिन तासाला किती तेल पिते हे मोजून शेतकऱ्याच्या भाषेत दरवर्षी प्रसिद्ध करणे त्यांना अशक्य नाही. श्रोटर यांनी 1897 मध्ये जी परीक्षा घेतली तिचे मोल याच प्रामाणिक मोजणीत होते. यंत्र मोठे की लहान हा वाद दुय्यम आहे. ते ज्याच्या पैशाने चालते त्याला त्याचा खरा हिशेब कळतो की नाही, हा मुख्य प्रश्न आहे. तो हिशेब कळेल त्या दिवशीच रुडॉल्फ डिझेलचे इंजिन खऱ्या अर्थाने लहान माणसाचे होईल.