फ्रँकलिनची शेगडी

पतंग उडवून आकाशातील विजेची परीक्षा घेणारा बेंजामिन फ्रँकलिन तुम्हांला माहीत असेल. याच फ्रँकलिनने घरातल्या धुराचाही पिच्छा पुरवला होता. ती हकिकत विजेइतकी प्रसिद्ध नाही, पण मला ती अधिक आवडते.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. वडील साबण व मेणबत्त्या बनवीत. सतरा भावंडांत तो पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षे झाली, मग थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी. भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी तो फिलाडेल्फियाला पळून गेला. पुढे तेथे त्याने स्वतःचा छापखाना काढला.

फिलाडेल्फियाचा हिवाळा फार कडक. घरोघरी भिंतीत मोठी चूल बांधलेली असे. उर्दूत आपण तिला आतिशदान म्हणतो. तीत ढीगभर लाकडे जळत, पण ऊब धुराबरोबर धुराड्यातून निघून जाई. समोर बसणाऱ्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. शिवाय जवळपासची जंगले तुटत चालली होती. लाकूड महागले होते. गरिबाने काय करावे?

१७४२ च्या सुमारास फ्रँकलिनने ओतीव लोखंडाची शेगडी तयार केली. तिच्यातला धूर सरळ वर जात नसे. तो एका पोकळ पेटीवरून जाई, मागे खाली उतरे आणि मग धुराड्यात शिरे. वाटेत त्याची उष्णता लोखंडात उतरे, पेटीतील हवा तापे आणि ती खोलीत येई. गव्हर्नरने या शेगडीच्या विक्रीचा मक्ता फ्रँकलिनला देऊ केला. त्याने तो घेतला नाही. इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपला शोधही सर्वांना मोकळा असावा, असे त्याला वाटे. लंडनच्या एका व्यापाऱ्याने मात्र थोडा फेरफार करून तीवर पैसा कमावला!

पण शेगडीत एक खोट होती. विस्तव मंदावला की धूर खाली उतरेना. तो उलटा खोलीत येई.

धुराचा हा विचार फ्रँकलिनने म्हातारपणीही सोडला नाही. १७८५ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, तो फ्रान्सहून जहाजाने परतत होता. तेव्हा त्याने युरोपातील एका डॉक्टर मित्राला लांबलचक पत्र लिहिले. घरात धूर कोंडण्याची नऊ कारणे त्याने त्यात सांगितली. पहिले कारण हवेचे. थंडी नको म्हणून लोक सगळ्या फटी बुजवीत. पण नवी हवा आत आल्याशिवाय धूर बाहेर जाणार कसा? यासाठी त्याने सोपी परीक्षा सांगितली. चूल पेटवावी, दार बंद करावे आणि मग ते हळूहळू उघडावे. धूर नीट वर जाऊ लागला की थांबून फट मोजावी. दार आठ फूट उंच आणि फट अर्धा इंच असेल, तर त्या खोलीला ४८ चौरस इंचांची वाट हवी.

यानंतर पाच वर्षांनी, १७ एप्रिल १७९० रोजी, तो वारला. त्या पत्रातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी.

लंडनजवळ त्याच्या एका मित्राचे घर होते. तेथील सर्वांत चांगल्या खोलीत चूल पेटवली की सारा धूर आत येई. हे काम आपल्या हातचे आहे, असे फ्रँकलिनला वाटले. त्याने दार उघडून पाहिले. चुलीचे तोंड लहान करून पाहिले. बाहेर जाऊन धुराड्याची उंचीही पाहिली. सगळे ठीक होते, तरी धूर हटेना. शेवटी त्याने हार मानली.

मित्राला या विद्येतले काही कळत नव्हते. तो शिडी लावून धुराड्यापर्यंत चढला आणि आत डोकावला. आत काड्या, गवत, चिखल आणि पिसे गच्च भरली होती. घर काही वर्षे रिकामे होते, तेव्हा पाखरांनी तेथे घरटे केले होते! तो कचरा काढताच धूर मुकाट्याने वर जाऊ लागला.

ही फजिती जगाला कळली, कारण ती फ्रँकलिनने स्वतःच लिहून ठेवली.