वाळवंटातला शेख इब्राहीम

मुलांनो, जॉर्डन देशातल्या पेट्रा या डोंगरात कोरलेल्या शहराची चित्रे तुम्ही पाहिली असतील. आसपासच्या लोकांना ते ठाऊक होतेच, पण युरोपला त्याचा विसर पडला होता. ते युरोपला पुन्हा दाखवून देणाऱ्या योहान लुडविग बुर्कहार्टची ही गोष्ट.

त्याचा जन्म १७८४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे झाला. लंडनच्या आफ्रिकन असोसिएशनने आफ्रिकेतल्या नायजर नदीचा शोध घेण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली. वाळवंटातून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर जायचे, तर अरबी चांगली यायला हवी. म्हणून तो केंब्रिजला अरबी शिकला. उघड्या डोक्याने उन्हात चालण्याची, जमिनीवर झोपण्याची सवय केली. १८०९ साली तो सीरियातल्या अलेप्पोला गेला आणि शेख इब्राहीम झाला. सरावासाठी त्याने रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट अरबीत उतरवली. उंट-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या बेदूइन लोकांत तो राहिला. वाटेत लुटलाही गेला. पण त्यांचे तंबू, जेवण, पाहुणचार, सारे त्याने लिहून ठेवले.

१८१२ साली कैरोला जाताना डोंगरात लपलेल्या अवशेषांबद्दल त्याच्या कानावर आले. सरळ विचारावे, तर खजिना शोधायला आलेला हेर ठरण्याची भीती! मग हारून पैगंबरांच्या कबरीपाशी बकरा अर्पण करण्याचा नवस सांगून त्याने वाटाड्या घेतला. २२ ऑगस्टला अरुंद घळीतून तो आत शिरला आणि समोर पेट्रा! वाटाड्याला संशय येऊ लागला, त्यामुळे फार वेळ थांबता आले नाही.

हे शहर नबाती लोकांचे. प्राचीन ग्रीक लेखनानुसार ते आधी तंबूत राहत, शेती करत नसत आणि पावसाचे पाणी जमिनीखालच्या गुप्त टाक्यांत साठवत. धूप आणि मसाल्यांच्या व्यापारात श्रीमंत झाल्यावर त्यांनी पेट्रा उभारले. तिथेही पाण्यासाठी पाट आणि टाक्या खोदल्या. भटक्या लोकांच्या मागे वाडे-राजवाडे क्वचितच उरतात. म्हणून पुराणवस्तू-संशोधक त्यांच्या चुली, तंबूंच्या जागा आणि खडकांवर कोरलेली नावे शोधतात. आजच्या बेदूइनांचे जीवन पाहिले की त्या खुणांचा अर्थ लावायला मदत होते. म्हणूनच बुर्कहार्टच्या नोंदी मोलाच्या.

पुढे १८१३ साली त्याने इजिप्तमध्ये वाळूत बुडालेले अबू सिंबेलचे देऊळ पाहिले. नायजरकडे जाणाऱ्या तांड्याची वाट पाहत असतानाच १५ ऑक्टोबर १८१७ रोजी कैरोत हगवणीने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता. आपली अरबी हस्तलिखिते त्याने केंब्रिज विद्यापीठाला दिली.

नायजर नदी त्याला दिसलीच नाही. पण तिथे पोहोचण्यासाठी केलेल्या तयारीतूनच त्याच्या हातून एवढे काम झाले. नेटाने शिकलेली भाषा कुठली दारे उघडेल, हे आधी कुणाला सांगता येते?