इगोर सिकोर्स्की : हेलिकॉप्टर बनवणारे आणि ते स्वतःच चालवायला शिकलेले



शाळेवरून हेलिकॉप्टर गेलं की अख्खा वर्ग खिडकीशी जमतो. मग प्रश्न येतो, गुरुजी, हे कोणी शोधलं? आपण सिकोर्स्की एवढं नाव सांगतो आणि फळ्याकडे वळतो. खरं तर हेलिकॉप्टर एकट्या माणसाचा शोध नाही. फ्रान्स, स्पेन, जर्मनी अशा अनेक देशांत त्यावर काम झालं होतं. जर्मनीत तर सिकोर्स्कींच्या आधीच एक हेलिकॉप्टर चांगलं उडत होतं. पण एक मुख्य पंखा वर आणि एक छोटा पंखा शेपटीला, ही जी रचना आज आपल्याला डोक्यावर दिसते, ती व्यवहारात आणली इगोर सिकोर्स्की यांनी. मला त्यांचं चरित्र वर्गात सांगावंसं वाटतं ते मात्र वेगळ्या कारणासाठी. हा माणूस अनेकदा पडला, आणि प्रत्येक वेळी का पडलो हे त्याने नीट शोधलं.

इगोरचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह शहरात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होतं. पाच भावंडांत तो धाकटा. आई वैद्यकीय शिक्षण घेतलेली होती. तिने त्याला बराच काळ घरीच शिकवलं आणि लिओनार्दो दा व्हिंचीच्या उडत्या यंत्रांच्या चित्रांबद्दल सांगितलं. बाराव्या वर्षी त्याने रबराच्या पिळावर चालणारं छोटं हेलिकॉप्टर केलं आणि ते खरंच वर उडालं.

वडील इवान सिकोर्स्की मानसशास्त्राचे प्राध्यापक. आपल्या दृष्टीने या वडिलांचं एक काम फार महत्त्वाचं आहे. १८७९ च्या सुमारास त्यांनी शाळेतल्या मुलांना सकाळी तास सुरू होण्याआधी श्रुतलेखन दिलं आणि शाळा संपल्यावर पुन्हा दिलं. मग चुका मोजल्या. दिवसाच्या शेवटी चुका वाढलेल्या होत्या. मूल तेच, भाषा तीच, फक्त मेंदू थकलेला. थकव्यामुळे चुका होतात हे त्यांनी मोजून दाखवलं, तेही विमान जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. आज वैमानिकाने किती तास उडायचं आणि किती तास झोपायचं याचे जे कडक नियम आहेत, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. (याच वडिलांनी पुढे १९१३ मध्ये एका ज्यू माणसावरच्या खोट्या खटल्यात त्याच्या विरोधात साक्ष दिली आणि आपलं नाव घालवलं, हेही सांगायला हवं.)

इगोर नौदलाच्या शाळेत गेला, पण तिथे रमला नाही. पुढे कीव्हच्या तंत्रशाळेत दाखल झाला. राईट बंधूंच्या उड्डाणाची बातमी वाचली आणि ठरलं, उडायचंच. मोठ्या बहिणीने, ओल्गाने पैसे दिले. ते घेऊन तो १९०९ मध्ये पॅरिसला गेला आणि २५ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन आला. तिथल्या जाणकार वैमानिकाने हेलिकॉप्टरच्या नादी लागू नकोस असं बजावलं होतं. तरी पठ्ठ्याने केलंच. पहिलं यंत्र जमिनीवरून हललं नाही. दुसरं स्वतःचं वजन कसंबसं उचलायचं, माणसाचं नाही. इंजिनं अजून अशक्त आणि जड आहेत हे ओळखून त्याने हेलिकॉप्टरचा विषय बाजूला ठेवला. तीस वर्षांनी तो पुन्हा हाती घेतला.

मग विमानं सुरू झाली. १९११ मध्ये उडत असताना त्यांच्या विमानाचं इंजिन अचानक बंद पडलं. उतरायला धड जागा नव्हती, विमान मोडलं, ते थोडक्यात वाचले. नंतर इंजिन उघडून पाहिलं तर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात एक डास अडकलेला! पेट्रोलचा रस्ताच बंद. दुसरा कोणी असता तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. सिकोर्स्कींनी विचार केला की एका डासावर माणसाचा जीव अवलंबून असेल तर एकच इंजिन असणं ही रचनाच चुकीची आहे. दोन वर्षांत, १९१३ मध्ये, त्यांनी चार इंजिनांचं विमान उडवलं. एवढं मोठं विमान उडणारच नाही असं त्या काळी अनेक तज्ज्ञांचं मत होतं. त्यापुढचं विमान इल्या मुरोमेत्स. १९१४ च्या उन्हाळ्यात ते सेंट पीटर्सबर्गहून कीव्हला गेलं आणि परत आलं. वाटेत इंधनाची नळी तुटून एका इंजिनाला आग लागली, तेव्हा सहकाऱ्यांनी पंखावर जाऊन ती विझवली.

रशियात क्रांती झाली आणि सगळं गेलं. ३० मार्च १९१९ रोजी सिकोर्स्की न्यूयॉर्कला उतरले तेव्हा खिशात फारसं काही नव्हतं. विमानाचं काम मिळेना. मग त्यांनी काय केलं? मास्तरकी केली! रशियातून आलेल्या निर्वासित कामगारांना ते गणित शिकवायचे आणि खगोलशास्त्रावर व्याख्यानं द्यायचे. चार वर्षं अशीच गेली. १९२३ मध्ये त्याच निर्वासितांच्या तुटपुंज्या पैशांवर, लाँग आयलंडवरच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर, विमान बांधायला सुरुवात झाली. प्रसिद्ध संगीतकार राखमानिनॉव्ह यांनी ५००० डॉलरचे शेअर घेतले म्हणून गाडी पुढे सरकली.

आता पुढच्या दोन घटना बघा. दोन्हींत खरं कारण माणसांच्या वागण्यात होतं.

मे १९२४. विमान तयार झालं. जुनी इंजिनं, कमी ताकद. पहिल्या उड्डाणाला कमीत कमी माणसं असावीत हे सिकोर्स्कींना पक्कं ठाऊक होतं. पण महिनोन्महिने अर्ध्या पगारावर, कधी पगाराविना राबलेले आठ सहकारी आत चढून बसले. त्यांना खाली उतरा म्हणायला यांचं मन होईना. विमान उडालं, उंची घेईना, शेवटी एका गोल्फच्या मैदानात आदळलं. जीव वाचले, विमान मोडलं. नियम माहीत होता, हिशोबही येत होता. फक्त आपल्या माणसांना नाही म्हणता आलं नाही.

दुसरी घटना जास्त भयंकर. १९२६ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्यासाठी मोठं बक्षीस होतं. रेने फोंक या फ्रेंच वैमानिकासाठी सिकोर्स्कींनी तीन इंजिनांचं विमान बांधलं. त्यांना अजून चाचण्या हव्या होत्या, पण मोसम संपत आला होता. पैसे लावलेले लोक घाईला आले होते आणि वर्तमानपत्रं रोज विचारत होती. २१ सप्टेंबरला इंधनाने काठोकाठ भरलेलं ते विमान धावपट्टीवर धावलं. जादा वजनासाठी लावलेली चाकं वाटेतच निखळली. विमान उचललंच नाही, पुढच्या उतारावरून खाली गेलं आणि पेटलं. चौघांतले दोघे गेले. आठ महिन्यांनी लिंडबर्ग त्याच मैदानावरून एका इंजिनाच्या विमानाने पॅरिसला पोचले आणि जग त्यांनाच ओळखतं. त्या दोघांची आठवण कोणी काढत नाही.

त्यानंतर सिकोर्स्कींनी पाण्यावर उतरणारी मोठी विमानं केली, कंपनीची भरभराट झाली. तो भाग इथे सोडून देतो.

१९३९ मध्ये वयाच्या पन्नाशीत त्यांनी पुन्हा हेलिकॉप्टर हाती घेतलं. एक अडचण आपल्या वर्गातल्या पंख्यावरून मुलांना समजावता येते. छताच्या पंख्याची पाती एका बाजूला फिरतात. दांडी घट्ट बसवलेली नसती तर मधली मोटर उलट्या बाजूला फिरली असती. हेलिकॉप्टरला तर छतच नाही! म्हणून शेपटीचा छोटा पंखा शेपटीला बाजूने रेटा देतो आणि यंत्र गरगर फिरत नाही.

यंत्र झालं, पण चालवणार कोण? हे शिकवणारा अमेरिकेत कोणीच नव्हता. डाव्या हातात एक दांडा, तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कल वाढतो आणि यंत्र वर जातं. उजव्या हातातला दांडा पुढे, मागे, बाजूला नेण्यासाठी. दोन्ही पायांखाली शेपटीच्या पंख्याच्या पट्ट्या. एक हलवलं की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. एका हाताने फळा पुसत दुसऱ्या हाताने गोल काढायचा आणि पायाने ताल धरायचा, असं काहीसं.

सिकोर्स्की स्वतः बसले. कोट आणि डोक्यावर हॅट, नेहमीसारखी. १४ सप्टेंबर १९३९ रोजी यंत्र काही सेकंद जमिनीवरून उचललं गेलं, तेही खाली वजनं बांधून. जास्त वर जाऊ नये, कलंडू नये म्हणून. मला या चरित्रातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. हजारो तास विमान उडवलेल्या, नाव कमावलेल्या माणसाने पहिलीच्या मुलासारखं बोट धरून चालायला सुरुवात केली. काही सेकंद, मग थोडं जास्त. डिसेंबरमध्ये वाऱ्याच्या झोताने यंत्र उलटलं. पुन्हा बांधलं, रचना बदलली. १३ मे १९४० ला ते पहिल्यांदा मोकळं उडालं. तेव्हा ते मागे जायचं, बाजूला जायचं, पण पुढे नीट जायचं नाही! लोक हसले, हेही हसले, आणि पुन्हा बदल केले. ६ मे १९४१ ला ते १ तास ३२ मिनिटं हवेत राहिलं, जागतिक विक्रम झाला.

मग ते इतरांना शिकवण्याची वेळ आली. लेस मॉरिस हे कंपनीचे चाचणी वैमानिक. ते याच यंत्रावर शिकले आणि मग त्यांनी इतरांना शिकवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले तटरक्षक दलाचे फ्रँक एरिक्सन यांनी न्यूयॉर्कजवळ फ्लॉइड बेनेट विमानतळावर प्रशिक्षण सुरू केलं. तिथे जहाजाच्या डेकसारखा हलणारा मोठा मंच बांधला होता. समुद्रात डुलत्या जहाजावर उतरायची सवय आधी जमिनीवरच करायची. सरावात चूक झाली तर बाजूला समुद्र नाही, एवढी साधी गोष्ट. पहिल्या लष्करी हेलिकॉप्टरमध्ये दोन आसनं शेजारी होती, पण वर-खाली नेणारा दांडा दोघांच्या मध्ये एकच. म्हणजे उजवीकडचा तो डाव्या हाताने धरणार आणि डावीकडचा उजव्या. आजही बहुतेक हेलिकॉप्टरमध्ये मुख्य वैमानिक उजव्या बाजूला बसतो, त्याचं मूळ त्या दांड्यात आहे असं अनेक जण मानतात.

हेलिकॉप्टर शिकणाऱ्या प्रत्येकाकडून एक धडा पुन्हा पुन्हा गिरवून घेतला जातो. इंजिन बंद पडलं तर काय? लोकांना वाटतं दगडासारखं पडतं. तसं नाही. वैमानिकाने ताबडतोब डावा दांडा खाली करायचा. यंत्र खाली येताना हवा खालून वर पात्यांमधून जाते आणि पाती फिरत राहतात, हळदवेलीचं पंखवालं फळ गरगरत येतं तसं. जमिनीजवळ नाक थोडं वर घेऊन वेग मारायचा आणि अगदी शेवटी दांडा ओढून अलगद टेकायचं. यात फसवी गोष्ट ही की खाली जमीन दिसत असताना हात आपोआप दांडा वर ओढायला बघतो. लवकर ओढला तर पात्यांची फिरकी मरते आणि मग काहीच उरत नाही. घाबरलेलं मन जे करायला सांगतं त्याच्या नेमकं उलट करायचं असतं. ते पुस्तक वाचून येत नाही, सोबत शिक्षक बसवून हाताला लावावं लागतं. आपल्याकडे नाशिक रोडला गांधीनगरमध्ये लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे.

सिकोर्स्कींना हे यंत्र माणसं वाचवेल याचंच जास्त अप्रूप होतं. एप्रिल १९४४ मध्ये आसाममधल्या लालाघाट तळावरचं त्यांचं छोटं हेलिकॉप्टर घेऊन कार्टर हार्मन हा तरुण अधिकारी ब्रह्मदेशाच्या जंगलात गेला. उष्ण हवेत इंजिन तापत होतं, एका खेपेला एकच माणूस बसत होता. तरी त्याने चौघांना एकेक करून बाहेर काढलं. २९ नोव्हेंबर १९४५ ला तर कारखान्याच्या दारातच हाक आली. वादळात एक तेलाचा बार्ज खडकावर अडकला होता, त्यावर दोन माणसं. सिकोर्स्कींचा भाचा जिमी व्हायनर हेलिकॉप्टर घेऊन गेला. पहिल्याला दोरीने वर घेतलं. दुसऱ्याच्या वेळी दोरी ओढणारं यंत्र अडकलं आणि तो माणूस तसाच लोंबकळत किनाऱ्यापर्यंत आला. दोघेही वाचले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात बार्ज भरकटले, तेव्हा नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं धावून गेली होती. सी किंगचा मूळ आराखडा सिकोर्स्की कंपनीचाच. त्या वेळी सगळे वाचू शकले नाहीत, पण अनेक जण घरी परतले.

२६ ऑक्टोबर १९७२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी सिकोर्स्की गेले.

वर्गासाठी दोन गोष्टी. कागदाची पट्टी घ्या, वरून निम्म्यापर्यंत मधोमध कापा, दोन पाती विरुद्ध बाजूंना दुमडा, खाली युपिन लावा आणि बाकावर उभं राहून सोडा. पाती उलट दुमडली की फिरण्याची दिशा बदलते, हे मुलांनाच शोधू द्या. आणि दुसरी, पहिल्या तासाला दहा शब्दांचं श्रुतलेखन घ्या, शेवटच्या तासाला तेवढ्याच अवघड दुसऱ्या दहा शब्दांचं. गुण देऊ नका, वहीत शेराही नको. फक्त चुका मोजून दोन आकडे फळ्यावर लिहा आणि कारण काय असेल ते मुलांना विचारा.